मदत हवी आहे: कोॲक्स केबल कापायला नेमकं कुठलं कटर घ्यावं?

खटपट्या:
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. घरातली टीव्हीची आणि कॅमेऱ्यांची वायरिंग नव्याने करायला घेतलीय, केबल कोॲक्स आहे (मधे एक तार, तिच्याभोवती फोम, त्यावर बारीक तारांची जाळी आणि वर साल), बरीचशी आरजी-६ जातीची, थोडी जुनी आरजी-५९ आहे आणि पुढेमागे गच्चीवरच्या अँटेनासाठी एलएमआर-४०० ओढायचीय, ती तर चांगली १० मिमीच्या वर जाड. हाताशी आत्ता साधी पक्कड आणि सर्किट बोर्डाच्या कामाचं एक छोटं निपर एवढंच. पकडीने कापलं की टोक चपटं होतं, आतला पांढरा फोम एका बाजूला दबतो, मग कनेक्टर सरळ बसत नाही आणि जोर लावला की जाळीच्या तारा उलट्या गोळा होतात. चांगलं साइड कटर घेऊन भागेल का वेगळं केबल कटरच घ्यावं? ते पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पात्यांचं असतं ते बघत होतो पण त्यावर लिहिलंय फक्त तांबं आणि ॲल्युमिनियम, स्टील कापू नका. आता सिग्नलच्या केबलमध्ये स्टील कशाला असेल? रोजचं काम नाहीये, पण घ्यायचं तर एकदाच आणि नीट घ्यावं म्हणतो.

ओहमकार:
असतं ना स्टील, तिथेच तर गोची आहे. टीव्हीसाठीच्या बऱ्याच आरजी-६ मध्ये मधली तार आतून स्टीलची असते आणि वरून फक्त तांब्याचा थर. हाय फ्रिक्वेन्सीचा करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो, १ गिगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम २ मायक्रॉन खोल शिरतो, त्यामुळे आत काय आहे याने सिग्नलला फारसा फरक पडत नाही आणि स्टीलमुळे तार ताठ राहते, जी एफ कनेक्टरमध्ये (टीव्हीच्या केबलच्या टोकाला लावतात तो) स्वतःच पिन म्हणून वापरायची असते.
पण कटरला फरक पडतो. वाकड्या पात्यांच्या कटरची धार मऊ धातूसाठी केलेली असते, स्टीलची तार कापलीत की धारेला खाच पडते आणि मग त्या जागी जाळी तुटायच्या ऐवजी चिरडते. तुमच्या छोट्या निपरचं तर त्याहून लवकर वाटोळं होईल, ते या कामाला लावूच नका. आधी मधली तार थोडी उघडी करून चुंबक लावून बघा, चिकटली तर स्टील.

जुनाजाणता:
वरचं सगळं बरोबर पण माझं मत जरा वेगळं. लोक कटरवर इतका खल करतात आणि स्ट्रिपर, म्हणजे साल सोलायचं हत्यार, मात्र मिळेल तो घेतात. अहो, टोक थोडं चपटं झालं तरी कनेक्टरसाठी पुढचा साधारण ६ मिमी फोम काढूनच टाकायचा असतो, दबलेला भाग बहुतेक त्यातच जातो. तरी शंका असेल तर केबल जरा लांब कापा आणि सोलायच्या आधी टोकाचा थोडा तुकडा परत सावकाश कापा, मग बोटांच्या चिमटीत फिरवून गोल करा.
खरी वाट लागते सोलताना. स्ट्रिपरचं पातं जास्त खोल गेलं की मधल्या तारेवर ओरखडा पडतो, आणि वरचं तांबं गेलं की आतलं स्टील उघडं पडून गंजायला मोकळं. सोलल्यावर तार उजेडात फिरवून बघायची, तांबूस रंगात कुठे चंदेरी रेघ दिसली तर ते टोक कापून टाकायचं आणि पातं थोडं वर घ्यायचं. फिरवून सोलायचा स्ट्रिपर घ्या, ज्याचं पातं खालीवर करता येतं असा, कारण आरजी-५९ साधारण ६ मिमीची आणि आरजी-६ जवळपास ७ ची, एकाच सेटिंगवर दोन्ही सोलायला गेलात तर एकीचं साल अर्धवट राहणार नाहीतर दुसरीची जाळी तुटणार.

खटपट्या:
दोघांचे आभार! चुंबक लावून बघितलं, आरजी-६ ची तार टपकन चिकटली, आरजी-५९ ची अजिबात नाही. म्हणजे आता दोन हत्यारं घ्यायची का? आणि जाड केबल हॅकसॉने कापली तर?

ओहमकार:
आरजी-५९ तुमची कॅमेऱ्याची असणार, तिथे खालच्या फ्रिक्वेन्सीपासूनचा व्हिडिओ सिग्नल जातो म्हणून पूर्ण तांब्याची तार लागते.
दोन घ्यावी लागतीलच असं नाही. कडक तार कापायला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं १८० मिमीच्या आसपासचं साइड कटर घ्या, घरातल्या दोन्ही केबलींना ते पुरतं. कापताना एका दणक्यात दाबू नका, आधी हलक्या हाताने केबल फिरवत वरच्या सालीला गोल चीर द्या, मग तोडा, टोक बरंच गोल राहतं. वाकड्या पात्यांचं एलएमआर-४०० आणाल तेव्हा घ्या, तिची मधली तार ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर अशी असते, त्याला ते एकदम योग्य. पण तो अँटेना टीव्हीचा असेल तर ही केबल नको, तिचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ५० ओहम आहे आणि टीव्हीचं सगळं ७५ चं.
हॅकसॉ चालतो पण धातूचा भुगा फोमवर आणि जाळीत अडकतो, तो झटकून पुसून काढावा लागतो, नाहीतर जाळी आणि मधली तार शॉर्ट.

खटपट्या:
नाही नाही, अँटेना हॅम रेडिओचा आहे, ५० च हवी. मग आत्ता साइड कटर आणि स्ट्रिपर, मोठं कटर नंतर.

जुनाजाणता:
ठरलं तर मग. कापायच्या आधी सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा हं, डिशची केबल असेल तर त्यातून एलएनबीला (डिशवर बसवलेला सिग्नल घेणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. तुम्हाला झटका बसणार नाही पण कटरने जाळी आणि तार एकत्र दाबली की बॉक्सवर शॉर्ट येतो. आणि कनेक्टर लावून झाला की टीव्हीला जोडायच्या आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मधली तार आणि कनेक्टरची बॉडी तपासा, दुसरं टोक मोकळं ठेवून. बीप वाजली तर जाळीची एखादी तार आत गेलीय, परत कापा.