अनुभव धागा : पाळकाचे प्रवचन आणि उमेदवाराचा हिशेब

२००८ च्या मार्च महिन्यात मी फिलाडेल्फियाजवळच्या एका गावात नोकरीनिमित्त राहत होतो. व्हिसावर असल्यामुळे मताचा अधिकार मला नव्हता. पण २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याचे मतदान, होणार असल्याने ऑफिसातल्या कँटीनमध्ये दुसरा विषयच निघत नसे. १३ मार्चला एबीसी वाहिनीने शिकागोच्या ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे पाळक जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांतले काही तुकडे दाखवले आणि त्यानंतर भिंतीवरच्या टीव्हीवर तेच तुकडे सकाळ-संध्याकाळ फिरत राहिले. देवाने अमेरिकेला आशीर्वाद द्यावा असे गाऊ नका, देव अमेरिकेला शाप देवो असे म्हणा, हे त्यांतले सर्वांत गाजलेले वाक्य होते. डेमोक्रॅट पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले बराक ओबामा याच चर्चचे सभासद होते. राइट यांनीच १९९२ मध्ये बराक आणि मिशेल ओबामांचे लग्न लावले होते, त्यांच्या मुलींना बाप्तिस्मा दिला होता, आणि ओबामांच्या २००६ च्या पुस्तकाचे शीर्षकही राइट यांच्या एका प्रवचनावरून घेतलेले होते. त्यामुळे ‘मी यांना फारसे ओळखत नाही’ असे म्हणण्याची सोय ओबामांना नव्हती.

माझ्या टेबलावरचे एक वयस्क सहकारी, आयुष्यभर डेमोक्रॅट, तेव्हा म्हणाले की वीस वर्षे जो माणूस त्या बाकावर बसला, त्याला मी मत देणार नाही. मी त्यांना विचारले, “तुमच्या पाळकाने गेल्या रविवारी काय सांगितले?” त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले, पण त्यांना ते काही आठवले नाही. त्यांचे मत मात्र त्यामुळे बदलले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आपल्यापैकी अनेकांनी ती निवडणूक किंवा तशाच दुसऱ्या निवडणुका जवळून पाहिल्या आहेत, आणि काहींनी स्वतः मते मागितली आहेत. धर्मगुरूचे बोलणे उमेदवाराच्या खात्यावर मांडण्याचा प्रसंग आपल्यासमोर कधी आला असेल, तर तो येथे लिहावा ही विनंती. पक्षप्रचार नको, घडलेले तेवढे लिहावे.

नेपरव्हिल, शिकागोजवळ

मी मूळची अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची, आणि आमचे घराणे चार पिढ्या ख्रिस्ती आहे. बोस्टनच्या ज्या मंडळाने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये आमच्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू केले, ते काँग्रिगेशनल मंडळ्यांचे होते. त्याच मंडळ्या १९५७ मध्ये एका विलीनीकरणातून युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये आल्या. म्हणजे माझ्या पणजोबांना बाप्तिस्मा देणारी मंडळी आणि राइट यांची मंडळी यांचे गोत्र एकच निघते. हे मला शिकागोला आल्यावर समजले आणि केवळ त्या कुतूहलापोटी मी २००५ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीबरोबर ९५ व्या रस्त्यावरच्या त्या चर्चमध्ये एकदा गेले.

नगरची आमची उपासना म्हणजे पांढऱ्या साड्या, पेटीवरची रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने, आणि पाळकसाहेब उपदेश करीत असताना खोकलासुद्धा दाबून धरायचा. येथे मात्र उपदेश एकट्याने करायचा नसतोच. पाळक अर्धे वाक्य बोलतात आणि उरलेले अर्धे मंडळी पुरे करते. पुढच्या बाकावरच्या आजी पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेता घेता “सांगा, सांगा” अशी दाद देत होत्या, आणि मधूनच ऑर्गनवाला एखादा सूर लावून पाळकांचे वाक्य वर उचलत होता. अडीच तास कसे गेले ते कळले नाही. त्या दिवशी अमेरिकेबद्दल एक शब्दही निघाला नाही; तरुण मुलांनी कर्ज काढून चैन करू नये, हा बोलण्याचा मुख्य विषय होता. १९७२ मध्ये शंभराच्याही आत सभासद असताना राइट तेथे आले आणि मंडळी हजारोंवर नेली, ती कशी, हे त्या अडीच तासांत मला समजले.

तीन वर्षांनी टीव्हीवर तेच गृहस्थ दिसले तेव्हा मी १६ सप्टेंबर २००१ चे ते प्रवचन शोधून संपूर्ण ऐकले. ते १३७ व्या स्तोत्रावर आहे. हे स्तोत्र आमच्याकडे सर्वांना पाठ असते, पण केवळ सुरुवातीपुरते : बाबेलच्या नद्यांच्या काठी बसून रडलो, वीणा झाडांना टांगल्या. शेवटची ओळ कोणी मोठ्याने वाचत नाही, कारण तिच्यात शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. राइट यांचे सगळे बोलणे त्या शेवटच्या ओळीपर्यंत जाते : दुखावलेली माणसे उपासनेकडून सूडाकडे कशी वळतात, आणि आपला देश या आठवड्यात त्याच वळणावर उभा आहे, असे ते सांगतात. कोंबड्या खुराड्यात परतल्याचे जे वाक्य गाजले, ते त्यांनी टीव्हीवर ऐकलेल्या एका माजी राजदूताच्या बोलण्याचा हवाला देऊन म्हटले आहे, आणि त्याआधी १९६३ मध्ये माल्कम एक्स यांनी ते केनेडींच्या हत्येनंतर वापरले होते. आपल्याकडे ‘पेरावे तसे उगवते’ म्हणतात, त्यातलाच तो प्रकार. पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात हजारो माणसे मेल्यावर पाचव्या दिवशी ते म्हणावे का, हा प्रश्न संपूर्ण प्रवचन ऐकूनही माझ्या मनातून गेला नाही. एड्सचा विषाणू सरकारने काळ्या लोकांना मारण्यासाठी बनवला, असेही ते दुसऱ्या एका प्रवचनात म्हणाले आहेत, आणि ते तर उघडउघड असत्य आहे.

तरीही माझे मत मी ओबामांनाच दिले. पवित्र शास्त्रातला यिर्मया संदेष्टा स्वतःच्याच नगरीचा नाश होईल असे वेशीवर उभा राहून सांगत असे, आणि त्याला चिखलाच्या विहिरीत उतरवण्यात आले होते. राइट यांचे जेरेमाया हे नाव त्याच संदेष्ट्याचे आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी मेम्फिसमध्ये गोळी लागण्यापूर्वी पुढच्या रविवारच्या प्रवचनासाठी ‘अमेरिका नरकात का जाऊ शकेल’ हा विषय नेमला होता. ही बोलण्याची एक जुनी रीत आहे. ती ज्यांच्या कानांवर बालपणापासून पडलेली आहे त्यांना तीस सेकंदांच्या तुकड्यात जे ऐकू येते, ते इतरांना येत नाही.

डॅलस, टेक्सास

वरील अनुभव मी आदराने वाचला, परंतु मला तो पूर्णपणे पटत नाही. मी २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या प्रचारासाठी संध्याकाळी दोन तास फोन करीत असे. प्रवचन किती जुन्या परंपरेतले आहे हा अभ्यासकाचा प्रश्न झाला. मतदाराचा प्रश्न असा असतो की हा माणूस दर रविवारी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मुलींना घेऊन कोठे जातो. आपल्याला पाळक निवडता येतो, नातेवाईक निवडता येत नाहीत. म्हणूनच १८ मार्चच्या फिलाडेल्फियाच्या भाषणात ओबामांनी राइट यांना आपल्या गोऱ्या आजीच्या शेजारी बसवले, तेव्हा भाषण उत्तम असूनही तो सांधा मला खिळखिळा वाटला.

मात्र माझ्या बाजूची गोष्टही मी लपवणार नाही. सॅन अँटोनियोचे पाळक जॉन हेगी यांचा पाठिंबा मॅकेन यांनी फेब्रुवारीत जाहीरपणे स्वीकारला. मे महिन्यात हेगींच्या एका जुन्या प्रवचनाची फीत बाहेर आली, ज्यात ज्यूंना त्यांच्या भूमीकडे हाकलण्यासाठी देवाने हिटलर हा शिकारी पाठवला असा अर्थ लावला होता. त्या संध्याकाळी फोनवर एक वृद्ध बाई भेटल्या. त्या ज्यू होत्या, आणि त्यांनी अत्यंत शांतपणे मला विचारले की तुमच्या उमेदवाराला हे गृहस्थ कशासाठी हवे होते. आमच्याजवळ छापील उत्तरांचा एक कागद असे, कर, इराक, आरोग्यविमा असे मथळे असलेला. मी तो उलटून पाहिला आणि त्यात हेगी कोठेच नव्हते. “तुम्ही नवीन दिसता,” असे म्हणून त्यांनीच माझी सुटका केली. २२ मे रोजी मॅकेन यांनी तो पाठिंबा नाकारला. ते हेगींचे शिष्य कधीच नव्हते, त्यांच्या बाकावर बसलेही नव्हते. त्यांना त्या व्यासपीठासमोरची मते हवी होती. मी अजूनही म्हणतो की वीस वर्षांचे सभासदत्व अधिक जड असते. पण त्या बाईंच्या प्रश्नाला सभासदत्वाचा मुद्दा हे उत्तर होत नाही, हेही खरे आहे.

जर्सी सिटी, न्यू जर्सी

डॅलसकरांनी पाळक निवडता येतो असे लिहिले आहे; ते आम्हा कॅथलिकांना लागू पडत नाही. मी वसईचा. आपण राहतो तो पत्ता ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, येतो, ती आपली पॅरिश, आणि बिशप पाठवतील ते आपले फादर. पाच-सात वर्षांनी त्यांची बदली होते आणि दुसरे येतात. माझ्या वाट्याला आलेल्या एका फादरांची निम्मी प्रवचने मला सहन होत नसत, म्हणून मी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सोडली नाही, प्रवचनाच्या वेळी खिडकीतल्या रंगीत काचा मोजत असे.

आमच्या लोकांची गंमत अशी की १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकांच्या सभेपुढे उभे राहून अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार केनेडी यांना सांगावे लागले की मी चर्चच्या आज्ञेवर राज्य चालवणार नाही. आणि २००४ मध्ये आणखी एक कॅथलिक उमेदवार जॉन केरी यांच्याविषयी सेंट लुईसच्या आर्चबिशपांनी सांगितले की गर्भपाताबद्दलची यांची भूमिका चर्चच्या शिकवणीविरुद्ध असल्याने मी यांना कोम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) देणार नाही. त्या वर्षी आमच्या पॅरिशमध्ये मिस्सेनंतर पार्किंगमध्ये याच कारणावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणे टाकले. एकाने धर्मगुरूचे ऐकू नये आणि दुसऱ्याने ऐकले पाहिजे, अशी दोन्ही मोजमापे चव्वेचाळीस वर्षांच्या आत एकाच चर्चच्या माणसांना लावण्यात आली.

अटलांटा, जॉर्जिया

माझा अनुभव लहान आहे. २०२० च्या डिसेंबरात जॉर्जियातल्या सिनेटच्या फेरनिवडणुकीच्या वेळी आमच्या टीव्हीवर जाहिरातींशिवाय दुसरे काही उरले नव्हते. राफेल वॉर्नॉक हे किंग यांच्या एबेनेझर चर्चचे पाळक आणि स्वतःच उमेदवार, त्यामुळे येथे मधला माणूसच नव्हता. देवाची आणि लष्कराची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे त्यांचे २०११ च्या प्रवचनातले वाक्य जाहिरातीत वारंवार येत असे. माझे शेजारी निवृत्त सैनिक आणि बॅप्टिस्ट. ते चिडले असतील असे समजून मी विषय टाळत होतो. तेच कुंपणापाशी म्हणाले, “ते मत्तयाच्या शुभवर्तमानातले आहे, दोन धन्यांचे, हे जाहिरात करणाऱ्यांना माहीत नसावे.” मत त्यांनी कोणाला दिले ते मी विचारले नाही.

मध्य न्यू जर्सी

माझ्या बाबतीत पाळक नव्हते, महाराज होते. परंतु प्रसंग याच जातीचा आहे, म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या शाळा-मंडळाच्या निवडणुकीला उभी होते. माझी आई दर उन्हाळ्यात येथे येणाऱ्या एका महाराजांच्या प्रवचनाला वीस-बावीस वर्षे जाते. खरे पाहता ती भजनासाठी आणि त्या निमित्ताने भेटणाऱ्या बायकांसाठी जाते. प्रवचन सुरू झाले की तिचे वातींचे काम सुरू होते. लहानपणी मीही तिच्याबरोबर जात असे, आणि महाराजांच्या हातून प्रसाद घेतानाचा माझा एक फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. तो मी एका दिवाळीत हौसेने फेसबुकवर टाकला होता.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात त्या फोटोबरोबर महाराजांच्या एका प्रवचनाची फीत गावभर फिरली. मुलींनी परधर्मात लग्न केले तर आईवडिलांनी त्यांना मेल्यासारखे समजावे, असे ते तीत म्हणत होते. गावच्या वाचनालयात उमेदवारांची सभा झाली. घडीच्या खुर्च्या, समोर एक लाल दिवा लागणारे घड्याळ, प्रत्येक उत्तराला दोन मिनिटे. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी उभे राहून विचारले की आमची मुले सर्व धर्मांची आहेत, त्यांच्या शाळेचा कारभार तुमच्या हाती का द्यावा. मी म्हणाले की ते वाक्य मी कधी ऐकलेले नाही, ते बोलले गेले तेव्हा मी तेथे नव्हते. हे अक्षरशः खरे होते. पण बोलता बोलताच मला आठवले की मार्च २००८ मध्ये पहिल्या दिवशी ओबामांनीही हेच उत्तर दिले होते, आणि चारच दिवसांनी फिलाडेल्फियात त्यांना कबूल करावे लागले होते की वादग्रस्त म्हणता येतील अशी बोलणी मी चर्चमध्ये बसून ऐकली आहेत. मीही ऐकली होती. हे नाही, पण याच्या आसपासचे पुष्कळ ऐकले होते, आणि एकदाही उठून गेले नव्हते, कारण आईची पर्स आणि चपला माझ्याकडे असत. हे सांगायला एक मिनिट शिल्लक होते. मी आभार मानून खाली बसले.

निवडणूक मी हरले, आणि केवळ त्या फितीमुळे हरले असे मी म्हणणार नाही. पण त्या बाईंचा प्रश्न अन्यायाचा होता असेही मला कधी वाटले नाही. ओबामांनी २९ एप्रिलला राइट यांच्याशी संबंध तोडला आणि ३१ मे रोजी ते चर्चही सोडले. त्यांच्यापुढे देश होता. माझ्यापुढे शाळेच्या बसगाड्या आणि जेवणाचे कंत्राट एवढेच होते, तरी फोटो दिवाणखान्यातून काढावा का, यावर आमच्या घरात आठवडाभर बोलणे चालले. आईने तो काढू दिला नाही.

पुढच्या जूनमध्ये महाराज आले तेव्हा तिला गाडीने मी सोडायला गेले आणि तीन तास बाहेर गाडीतच बसून राहिले. ती प्रसादाचा द्रोण घेऊन आली आणि मी आत का आले नाही असे तिने विचारले. मी म्हटले, ऑफिसचा फोन होता.