पहिली मेलोडिका: ३२ पट्ट्यांची घेऊ की ३७?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. माझी पोरगी सहावीत आहे, भजनी मंडळात खंजेरी वाजवते. आता तिला मेलोडिका, म्हणजे तोंडानं फुंकून वाजवायची छोटी पेटी, शिकायची आहे. प्रभातफेरीत तिला पेटी उचलून नेता येत नाही.

३२ पट्ट्यांची पांढरी चारपासून (F) सुरू होऊन पांढरी एकला (C) संपते. आमचं मंडळ काळी एकमध्ये गातं, म्हणजे काळी एक (C#) हा आमचा सा. म्हणजे खाली मंद्र (खालच्या सप्तकातला) गंधार, वर तार (वरच्या सप्तकातला) निषाद मिळतो. भजनाला हे पुरेल असं मला वाटतं. ३७ मध्ये वर पाच स्वर जास्त, पण लहान हातांना वजन पेलेल का?

खरी अडचण फुंकीची. पेटीचा भाता हातानं हलतो, इथं तेच काम श्वासाला करावं लागतं. लांब ओळीत ती मध्येच श्वास तोडते, स्वर कापतो. श्वास कुठं घ्यायचा, हे कसं शिकवलंत?

आत वाफेचं पाणी साचतं, ते वाजवून झाल्यावर झडप दाबून फुंकून काढायचं, एवढं कळलं. यामाहा किंवा सुझुकीची कोणी वापरली असेल तर अनुभव जरूर सांगा. जुनी घेताना आतल्या स्वराच्या धातूच्या पत्त्या (रीड) बेसूर झाल्यात का, हे कसं ओळखायचं?