नवीन वायफाय जुन्या कम्प्युटरला दिसत नाही, मदत हवी

*बी-२०३ काकू:* नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडे गेल्या आठवड्यात फायबरचं नवीन कनेक्शन आलं. मोबाइल, टीव्ही सगळं छान चालतंय, पण ह्यांच्या जुन्या कम्प्युटरला नवीन वायफाय दिसतच नाही. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, कम्प्युटर जुना झालाय, नवीन घ्या. सोसायटीची जुनी इतिवृत्तं ह्यांनी श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलीयत, ती सगळी त्यातच आहेत. काय करावं?

*सी-१०४:* काकू, फॉरमॅट मारून घ्या. विंडोज नवीन टाकली की सगळं सुरळीत होतं.

*ए-६०१ ताई:* थांबा काकू, फॉरमॅट अजिबात नको! काकांचं काम त्यात आहे आणि श्रीलिपी पुन्हा चढवायची तर सीडी, डाँगल (ते सॉफ्टवेअर चालायला कम्प्युटरला लावायची किल्ली) सगळं शोधत बसावं लागेल. आधी एवढंच बघा: स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली वायफायची खूण आहे, तिच्यावर क्लिक केलं की शेजाऱ्यांची वायफाय दिसतात का?

*बी-२०३ काकू:* हो, बरीच दिसतात. वरच्या मजल्याचं पण दिसतं. फक्त आपलंच नाही.

*ए-६०१ ताई:* मग कम्प्युटरचं वायफाय कार्ड ठणठणीत आहे. ते बिघडलं असतं तर कोणाचंच दिसलं नसतं. गडबड नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. नवे राउटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या कार्डांना बहुतेक वेळा फक्त २.४ कळतो. राउटरच्या पानावर जाऊन दोन गोष्टी बघायच्या. २.४ चालू आहे का, आणि चालू असेल तर कोणत्या चॅनलवर, म्हणजे त्या बँडच्या कोणत्या नंबरच्या भागावर आहे. त्या पानाचा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१.

*बी-२०३ काकू:* 📷 हा घे स्टिकरचा फोटो.

*ए-६०१ ताई:* काकू, फोटो लगेच डिलीट करा, "डिलीट फॉर एव्हरीवन" निवडा. त्यावर वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा लॉगिन दोन्ही आहेत, आणि ग्रुपवर भाडेकरू, एजंट सगळेच आहेत. आजच दोन्ही बदलूनही टाका. मला वेगळा मेसेजही नको, पत्ता तुमचा तुम्हीच मोबाइलवर टाकून बघा.

*बी-२०३ काकू:* डिलीट केला. नातू आलाय, तो बघतोय. २.४ चालू आहे म्हणतो. चॅनल ऑटो, आत्ता १३.

*ए-६०१ ताई:* सापडलं! भारतात १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच वापरतात. त्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच जुन्या कार्डांना १२ आणि १३ दिसतच नाहीत. राउटर ऑटोवर असला की मोकळा चॅनल शोधत १३ वर जाऊन बसतो, आणि आपल्यासारख्या बिल्डिंगमध्ये, जिथे भिंतीला भिंत आणि प्रत्येक घरात राउटर, तिथे असं सहज होतं. ऑटो काढून १, ६ किंवा ११ ठेवायला सांगा, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. तिथेच सिक्युरिटीही बघा. ही वायफायच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत असते. फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२, एईएस करा. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ साली, त्याआधीच्या कार्डांना ते सहसा जमत नाही. आणि २.४ ला वेगळं नाव द्या, म्हणजे काकांना नेमकं तेच निवडता येईल.

*सी-१०४:* हे माहीत नव्हतं. आमच्या जुन्या लॅपटॉपचं पण हेच असेल का? दिसतं, जोडलं जातं, पण थोड्या वेळाने आपोआप तुटतं.

*ए-६०१ ताई:* तुमचं वेगळं वाटतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर जा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देण्याची एक टिक असते. ती काढा. नाहीच थांबलं तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर बघू. ड्रायव्हर मात्र लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा. "फ्री ड्रायव्हर अपडेटर" दिसला की हात लावू नका.

*बी-२०३ काकू:* वायफाय दिसलं! जोडलं पण! पण आता कुठलीच साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय. हे म्हणतात, पुन्हा बिघडलं.

*ए-६०१ ताई:* नाही काकू, वायफायचं काम झालंय. आता खाली कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवा.

*बी-२०३ काकू:* १ जानेवारी २००९.

*ए-६०१ ताई:* म्हणूनच. प्रत्येक सुरक्षित साइटला एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. कम्प्युटरच्या मते आज २००९ आहे, त्यामुळे आजची सगळी सर्टिफिकेटं त्याला खोटी वाटतात. काका रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात ना? मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२, तो संपला की वीज बंद होताच घड्याळ मागे जातं. आत्ता तारीख-वेळ हाताने बरोबर करा, साइट उघडतील. सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, बदलायला मी येते.

*बी-२०३ काकू:* उघडलं गं! हे खूश झालेत. आता बँकेचं पण ह्यावरच करतील.

*ए-६०१ ताई:* बँकेचं त्यावर नको, काकांना नीट सांगा. त्यावर विंडोज ७ आहे ना? तिचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, आणि क्रोमचीही १०९ ही शेवटची आवृत्ती तिच्यावर चालते. इतिवृत्तं, टायपिंग, प्रिंट यासाठी मशीन उत्तम आहे, टाकून देण्यासारखं काहीच नाही त्यात. पैशांचे व्यवहार मात्र मोबाइलवरच. आणि सगळ्या फाइली एका हार्ड डिस्कवर काढून ठेवा, ही मशीन आज चालतेय म्हणून उद्याची खात्री नाही.

*ए-३०२ दादा:* ताई, आमच्या कार्डाला वायफायच्या यादीत काहीच दिसत नाही, शेजाऱ्यांचंही नाही. कार्ड गेलं समजायचं का?

*ए-६०१ ताई:* आधी लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बटण आहे का बघा, जुन्या मॉडेलना असतं, ते चुकून सरकलेलं असतं. तेही ठीक असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच दिसत नसेल, तर यूएसबीचा छोटा वायफाय अडॅप्टर घ्या. बॉक्सवर तुमच्या विंडोजचं नाव लिहिलंय का ते वाचूनच घ्या. लॅमिंग्टन रोडला मिळेल, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, पण रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. डेस्कटॉप असेल तर अडॅप्टर मागच्या बाजूला लावू नका, लोखंडी कॅबिनेट आणि मागे भिंत यात सिग्नल मरतो. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन टेबलावर वर आणा. आणि राउटर जवळच असेल तर सरळ लॅन केबल लावा, त्यात हे सगळे प्रश्नच राहत नाहीत.

*ए-३०२ दादा:* लॅपटॉपच आहे. बटण बघतो आधी.

*ए-१०१ सेक्रेटरी:* ताईंचे आभार. सगळ्यांसाठी सूचना: राउटरचे फोटो, पासवर्ड ग्रुपवर टाकू नयेत. "तुमचं इंटरनेट दुरुस्त करतो, हे ॲप टाका" असा कुणाचा फोन आला तर स्क्रीन कुणालाही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

*बी-२०३ काकू:* ताई, सेल आणून ठेवते. रविवारी ये, सहानंतर आम्ही घरीच आहोत.