शाळेतील पहिली वर्षे अध्यापक-शिक्षकाला नेमकी कशी उपयोगी पडतात?

प्रश्न
मी आठ वर्षे शाळेत गणित शिकवले आणि गेल्या वर्षापासून अध्यापक-शिक्षक म्हणून छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणाऱ्यांना, शिकवते. शाळेचा अनुभव गाठीशी असल्यामुळे हे काम सोपे जाईल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात सराव पाठानंतरच्या चर्चेत ‘असे नको, असे करा’ यापलीकडे मला जाता येत नाही. माझ्या एका सहकाऱ्यांनी शाळेत जेमतेम दोन वर्षे काढली आहेत, तरी छात्राध्यापकांना त्यांचे मार्गदर्शन अधिक उपयोगी वाटते. मग अनुभवाचा परिणाम ठरतो तरी कशावर?

उत्तर १
मॅडम, आपण शाळेत मुलांना गणित शिकवत होता. आता गणित कसे शिकवावे हे प्रौढांना शिकवत आहात, आणि ही दोन कामे वाटतात तितकी जवळची नाहीत. जीन मरे आणि ट्रेव्हर मेल या संशोधकांनी शाळेतून अध्यापक-शिक्षणात आलेल्या इंग्लंडमधील शिक्षकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. अनुभवी शिक्षकांनाही नव्या भूमिकेत स्थिरावायला दोन-तीन वर्षे लागल्याचे त्यात दिसते. आपले एकच वर्ष झाले आहे.

उत्तर २
वरील मुद्दा मान्य आहे, पण नुसती वर्षे गेल्याने हे साधत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी वर्गात विचारले, ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’ एका मुलीने ‘एक चतुर्थांश, कारण चार मोठे’ असे सांगितले. मी ‘चूक’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळलो. मागे बसलेल्या ज्येष्ठ शिक्षिकेने तास संपल्यावर एवढेच विचारले, ‘तिला चार कुठे दिसले असतील?’ त्या प्रश्नाने मला उत्तरामागचा विचार शोधायची सवय लावली, आणि आज पाठ निरीक्षणाच्या वहीत मी शेरा लिहिण्याआधी मुलांची उत्तरे जशीच्या तशी उतरवून घेतो. सुरुवातीला आपला तास कोणी पाहिला आणि त्यावर आपल्याशी कोणी कसे बोलले, हीच पद्धत पुढे आपल्या बोलण्यात उतरते, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवले होते की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात असतो. त्याला शिक्षकाची कृती दिसते, त्यामागचा निर्णय दिसत नाही. तो निर्णय आपण उघड बोलून दाखवला नाही, तर छात्राध्यापक आपलीही केवळ नक्कल करतील.

उत्तर ३
एक पुस्ती जोडते. पहिली वर्षे एकाकी गेली असतील, तर वर्ग शांत ठेवणे हेच यश वाटू लागते आणि पुढे पाठ पाहतानाही नजर फळ्यावर आणि शिस्तीवरच खिळते. माझे तसे झाले होते.

प्रश्नकर्ती
सर, आपला प्रसंग वाचून लक्षात आले की माझ्या आठ वर्षांत माझा तास पाहून कोणी माझ्याशी असे बोललेच नव्हते. जे मला मिळाले नाही तेच मी आता देऊ पाहत आहे. येत्या सराव पाठात शेरे बाजूला ठेवून फक्त मुलांची उत्तरे उतरवीन आणि चर्चा त्यांतल्याच एका उत्तरापासून सुरू करीन. छात्राध्यापक गप्पच राहिले, तर आपण किती वेळ थांबता?