गोंधळ घालतात की उडतो?

ओसरी:
पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. पत्रिकेत तळाला एक ओळ छापलीय, ‘रात्रौ 9 वाजता गोंधळ’. न्यू जर्सीहून आलेला भाचा, वय वर्षे 14. बोलतो बऱ्यापैकी, वाचतो अडखळत. त्याने ती ओळ बोट ठेवून वाचली आणि विचारलं, “मामा, तुमच्याकडे गोंधळसुद्धा वेळ ठरवून होतो?” घरभर हशा. समजावायला गेलो आणि मीच अडकलो. देवीच्या कुलाचाराला आणि फलाटावरच्या धावपळीला एकच शब्द कसा? आधी कोण, नंतर कोण?

ज्येष्ठमध:
आधी देवी. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती काढा. तिथे देवीप्रीत्यर्थचा गोंधळ पहिला आणि गडबड-घोटाळा त्याखाली, लाक्षणिक म्हणून. म्हणजे शब्द घसरला असलाच, तर तो आपल्या पिढीच्या हातून नाही.

पण तुमच्या भाच्याला कोशापेक्षा क्रियापदं दाखवा. ‘गोंधळ घालणे’ दोन्हीकडे चालतं. लग्नानंतर घरात गोंधळ घातला, आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी गोंधळ घातला. ‘मांडणे’सुद्धा दोन्हीकडे. ‘उडणे’ मात्र फक्त दुसऱ्याचं. देवीचा गोंधळ कधी उडत नाही, तो कुणीतरी घालावा लागतो. ‘गोंधळणे’, ‘गोंधळून जाणे’ ही क्रियापदंही फक्त गडबडीची. आणि माणसं बघा, विधी करतो तो गोंधळी, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो तो गोंधळ्या. ‘सावळा’ विशेषण लागलं की देवी संपली. सावळा गोंधळ नेहमी कारभाराचाच असतो.

पुणेरीपाटी:
व्युत्पत्तीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त (13 वं शतक) ‘गौंडली’ नावाचं नृत्य आहे. गोंधळाचं मूळ तिथे शोधतात.

ज्येष्ठमध:
शोधतात, आणि कान त्या बाजूने कौलही देतो. तरी मी जपून राहीन. गौंडली हे नृत्य आहे, गोंधळ हा विधी. नाव एका घरातून आणि रीत दुसऱ्या घरातून आलेली असू शकते. नुसत्या कानावर व्युत्पत्ती लावायला बसलं की खरोखरच गोंधळ उडतो.

संबळवाला:
आमच्या घरात तीन पिढ्या गोंधळ आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

शाळेत असताना तास सुटला की गुरुजी टेबलावर छडी आपटायचे, “गोंधळ बंद!” आणि चाळीस डोकी माझ्याकडे वळायची. आमचं आडनावही तेच, जातीच्या दाखल्यावरही तेच (भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी आहेत). गुरुजींच्या मनात काही नसायचं. पण मी घरी येऊन आज्याला विचारलं, आपण गडबड करतो का म्हणून. आजा हसला. म्हणाला, “रातच्याला ये माझ्यासंगं.”

त्या रात्री पहिल्यांदा चौक नीट पाहिला. पाटावर कोरा खण, त्यावर तांदूळ, मधोमध कलश, त्यावर विड्याची पानं नि नारळ. भोवती खारीक, खोबरं, हळकुंड, सुपारी, बदाम. वर ज्वारीची पाच ताटं शेंड्याशी बांधलेली. एक हळकुंड इकडचं तिकडे झालं तर आजा स्वतः वाकून सरळ करायचा. मग दिवटी पेटली, बुधलीतून तेलाची धार पडली. आधी गणपती, मग एकेका देवाला ठिकाणासकट हाक. तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, माहूरची रेणुका गोंधळाला ये, पंढरपूरचा विठोबा गोंधळाला ये. कोण राहून गेलं तर यजमानीणबाईच टोकते. त्यानंतर आख्यान. नाईक गातो, मग अर्थ सांगतो, साथीदार मुद्दाम खुळ्यासारखं काहीतरी विचारतो, लोक हसतात, तोवर नाईकाचा दम परत आलेला असतो. शेवटी आरती. इतकं रांगेतलं काम मी पुढे सरकारी कचेरीतसुद्धा पाहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. ज्याने हे शेजारच्या आळीतून, अंथरुणात पडून ऐकलं, त्याने तो दुसरा अर्थ काढला. भिंतीपलीकडून संबळ नुसती बडवल्यासारखीच ऐकू येते. अंगणात बसलेल्याला तिची दोन तोंडं वेगळी ऐकू येतात.

पुणेरीपाटी:
पटलं. तुणतुण्याचंही तसंच नाही का? “तेच तुणतुणं लावू नकोस.”

संबळवाला:
तेच! तुणतुण्याला तार एक, काम एक. रात्रभर सूर धरून ठेवायचा. तो हलला तर नाईक उघडा पडतो. हलला नाही म्हणून तुम्ही त्यालाच नावं ठेवता.

गावकूस:
मी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात रोज मथळे पाडतो. हा धागा वाचून कालचा अंक समोर ओढला. पहिल्या पानावर ‘सभागृहात गोंधळ’. आत ‘मतांचा जोगवा’. अग्रलेखात एका नेत्याचा ‘उदो उदो’ करणाऱ्यांची हजेरी, खाली विरोधकांचं ‘जुनंच तुणतुणं’. आणि एका माजी मंत्र्यांचे ‘दिवटे चिरंजीव’ आहेतच, त्यांच्याशिवाय आमचा अंक निघत नाही.

एकेक शब्द उलटून पाहा. जोगवा म्हणजे मंगळवारी-शुक्रवारी देवीच्या नावाने पाच घरी परडी पुढे करून मागायची भिक्षा. संत एकनाथांनी त्याचं रूपक करून जोगव्यात ज्ञान आणि वैराग्य मागून घेतलं, आम्ही मतं मागतोय. ‘उदो उदो’ हा अंबाबाईच्या नावाचा गजर, आता खुशमस्करीचं दुसरं नाव. दिवटी ही गोंधळाची मशाल, तिचाच थोरला भाऊ दिवटा. ‘कुळाचा दिवा’ म्हणायच्या जागी कुणीतरी डोळा मारून ‘दिवटा’ म्हणालं असणार, आणि तो कायमचा वाया गेलेला पोरगा झाला.

देवीच्या अंगणातलं अख्खं सामान आम्ही राजकारणाच्या पानावर आणून ठेवलंय, आणि प्रत्येक वस्तू उपरोधाने. याची मला लाज वाटते असं नाही. हे शब्द काढून घेतले तर उद्या मथळे कशाचे करू? ‘सभागृहात अव्यवस्था’ कोण वाचेल?

ज्येष्ठमध:
एक शब्द तुमच्या यादीत नाही. ‘नमनाला घडाभर तेल.’ म्हण एकट्या गोंधळाची नाही, मशालींच्या उजेडात रात्र काढणाऱ्या सगळ्याच खेळांची आहे. पण बुधलीची धार पाहिली की तिची किंमत कळते. सगळं तेल गणपतीपाशीच संपलं तर आख्यान अंधारात.

पुणेरीपाटी:
मी गोंधळ पाहिला तो रंगमंचावरच. विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उठलेली ओढ हा विषय, आणि तो इतका उघड की शेजारच्या काकू खुर्चीत सावरून बसल्या. आधुनिक नाटक म्हणून ज्याचं कौतुक करतो ते गोंधळ्यांनी गावोगाव कधीपासून सांगितलंय, हे मला फार उशिरा कळलं.

संबळवाला:
उमपांचा आवाज म्हणजे आवाज होता. रंगमंचाबद्दल माझी तक्रार नाही, त्यामुळे आमच्या पोरांना कार्यक्रम मिळतात. फक्त एक गोष्ट तिथे बसत नाही. गोंधळात यजमान प्रेक्षक नसतो. दिवटी त्याच्या हातात असते, चौकाभोवती तो चालतो, ज्याचा कुलाचार त्यालाच चटका. तिकीट काढून बसलेल्याचा हात मोकळा राहतो.

ओसरी:
खूप मिळालं. एक व्यवहाराचा प्रश्न उरला. थोरले बंधू म्हणतात पत्रिकेत ‘जागरण गोंधळ’ छापायला हवं होतं, तसंच म्हणतात.

संबळवाला:
म्हणतात, कारण बरीच घरं दोन्ही करतात. जागरण खंडोबाचं, त्याला वाघ्या-मुरळी येतात. गोंधळ देवीचा, त्याला आम्ही. तुमच्याकडे खंडोबाची तळी भरत असाल तर जागरण लिहा. नसाल तर नुसता गोंधळ बरोबर आहे. बंधूंना सांगा, छपाई वाया गेली नाही.

ओसरी:
आमची माहूरची रेणुका, खंडोबा नाही. म्हणजे पत्रिका राहते तशीच. भाच्याला दिवटी धरायला सांगितलंय. तो हातमोजे घालू का विचारतोय. ‘दिवटा’ शब्द त्याला अजून कुणी सांगितलेला नाही, गोंधळ होईपर्यंत सांगणारही नाही.