अनुभव धागा: विस्कटलेल्या विभागाची घडी नव्या प्रमुखांनी कशी बसवली?

इंदूरकरीण (धागाकर्ती): परवा सरवटे बसस्थानकावर जुन्या कचेरीतील शिपाईकाका भेटले आणि सोमवारच्या बैठकीचा विषय निघाला. त्या बैठकीत चुकलेल्यांची नावे सर्वांसमक्ष वाचली जात, त्यामुळे अडलेली प्रकरणे खणात दडवण्याकडेच आमचा कल असे. नव्या बाईंनी आल्या आल्या नाववाचन बंद केले आणि खिडकीवर आमच्या शेजारी खुर्ची टाकून त्या बसू लागल्या. किरकोळ परताव्यालाही वरच्या मजल्यावरची सही लागते आणि ग्राहकांची ओरड तिथूनच सुरू होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तेवढ्या सहीचे अधिकार त्यांनी वरिष्ठांशी भांडून खिडकीवर आणले. दाराजवळ एक वही ठेवली: डाव्या पानावर कुणीही निनावी अडचण लिहावी, उजव्या पानावर बाईंनी काय केले ते, आणि जमले नसल्यास का जमले नाही तेही. आरंभी सगळे पंख्याबद्दलच लिहीत. खऱ्या तक्रारी यायला बराच काळ गेला.

राजवाडाप्रेमी: आमच्या साहेबांनी वातावरण सुधारण्यासाठी वाढदिवसाचा केक सुरू केला. वर्गणी आमचीच.

मकरपुऱ्याचा फिटर: कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा मोटार कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता, जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते. दोष दिसताच काम थांबवण्यासाठी टांगलेली दोरी ओढण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळाला आणि दोरी ओढली की टीम लीडर मदतीला येई. येथे वडोदऱ्यात आमच्या शॉपमध्येही तशी दोरी बसवली, परंतु ओढणाऱ्यालाच जाब विचारला जात असल्याने ती धूळ खात आहे.

राजवाडाप्रेमी: बाईंची बदली झाल्यावर वहीचे काय झाले?

इंदूरकरीण: वही कपाटात गेली. सहीचे अधिकार लेखी आदेशाने आलेले होते, म्हणून ते टिकले.

रात्रपाळीची सिस्टर: अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चमूंत चुकांची नोंद अधिक आढळली, कारण तेथे माणसे त्या मोकळेपणाने सांगत होती. आमच्या इन-चार्ज पाळी बदलताना 'आज काय चुकता चुकता राहिले?' एवढेच विचारत. एका नवख्या मुलीने सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या शेजारी ठेवल्या जातात हे सांगितले. त्याच संध्याकाळी एक कुपी दुसऱ्या फळीवर गेली आणि मेमो कुणालाही मिळाला नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर): वह्या आणि प्रश्न ठीक आहेत, परंतु आमच्या शाखेत सगळा ताप एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याचा होता. कर्जवसुली सर्वांत जास्त त्यांची, म्हणून ते कनिष्ठांना ग्राहकांसमोर वाटेल ते बोलले तरी प्रत्येक व्यवस्थापक कानाडोळा करी. नव्या व्यवस्थापकांनी त्यांना दार लावून, तारीखवार प्रसंग सांगून समज दिली आणि पुढचा शेरा वसुलीइतकाच वागणुकीवर राहील असे स्पष्ट केले.

रात्रपाळीची सिस्टर: मग वसुली घसरली का?

लष्करवाला: पहिल्या तिमाहीत घसरली. साहेबांनी ती घट विभागीय कार्यालयाला आधीच कळवून ठेवली होती, आणि राजीनामा खिशात घेऊन फिरणारी दोन मुले शाखेतच राहिली.