आकड्याचा अर्थ कोणी लावायचा?

गोदाकाठ:
आमच्या कंपनीत शाखांची मासिक बैठक बंद झाली. आकडे संगणकावरच्या डॅशबोर्डवर दिसतातच, मग जमायचं कशाला, असं वरून सांगितलं. मला हे घातक वाटतं. २६ सप्टेंबर १९८३ रोजी मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव-१५ केंद्रात सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने आधी एक, मग आणखी चार अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा दिला. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांना प्रश्न पडला, पाचच क्षेपणास्त्रांनी युद्ध कोण सुरू करेल? यंत्रणा नवी, जमिनीवरच्या रडारवर काहीच नाही. इशारा खोटा, असं त्यांनी वर कळवलं. ढगांवरून परतलेलं ऊन होतं ते. हा अर्थ कुठल्याही पडद्यावर उमटला नव्हता.

रानवाट:
पेत्रोव सगळे सांगतात, व्हिन्सेन्स कोणी सांगत नाही. ३ जुलै १९८८ ला या अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. नौकेच्या एजिस या रडार आणि शस्त्रं सांभाळणाऱ्या संगणक यंत्रणेत विमान वर चढत असल्याची नोंद होती, माणसं मात्र ते खाली येतंय असं सांगत होती. समोर इराणी गनबोटींशी चकमक चाललेली, आदल्या वर्षी अमेरिकेच्याच स्टार्क नौकेवरच्या हल्ल्यात ३७ जण मेलेले. मनात हल्ला होता, तोच दिसला. यंत्र बरोबर होतं! तुमचे शाखाप्रमुखही विक्री घसरली की पावसावर ढकलत असतीलच.

गोदाकाठ:
ढकलतात, खरं आहे. पण नौकेवर सगळं सात मिनिटांत उरकलं, विचार करायला सवड कुठे होती?

रानवाट:
पेत्रोव यांच्याकडेही मिनिटंच होती. फरक वेळेचा नाही. त्यांनी आपल्या भीतीविरुद्धचा पुरावा शोधला.

जुनी वही:
पेत्रोव यांना पुढे बोलणी बसली ती लॉगबुक न भरल्याबद्दल. माझ्या मते मेख इथे आहे. मी कारखान्याचं स्टोअर सांभाळायचो. एक मोठं बेअरिंग तीन वर्षं हललं नाही म्हणून सॉफ्टवेअरने डेड स्टॉकमध्ये, म्हणजे पडून राहिलेल्या निरुपयोगी मालात, टाकलं आणि ते भंगारात गेलं. आकडा खरा होता. ते ब्रेकडाउनसाठी राखलंय, हे फक्त मिस्त्रींना ठाऊक, आणि मिस्त्री निवृत्त झालेले. पुढे मशीन बसलं, अकरा दिवस काम बंद. आकड्याशेजारी कारण लिहायला एक रकाना हवा, खाली लिहिणाऱ्याचं नाव.

रानवाट:
नाव घालायचं म्हटलं की माणूस स्वतःला वाचवणारं कारण लिहितो. बेअरिंगपुरतं मान्य. विक्रीचं कारण मात्र शाखाप्रमुखाने लिहिलं तर ते शेजारच्या शाखेने तपासावं, त्याच्या साहेबाने नव्हे.